सिगारची चव ‘मातकट’ म्हणावी का?

अर्धविराम:
हवानाच्या सिगारची पारख कशी करतात, या विषयावरील एका लेखाचा मराठी अनुवाद सध्या माझ्या हाती आहे. त्यातील जाणकाराने रोबुस्तो आकाराची (सुमारे १२४ मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर जाड) सिगार तीन भागांत तपासली असून पहिल्या भागात देवदाराचे लाकूड, मधल्या भागात कोको व माती आणि शेवटच्या भागात मिरी व चामडे अशा चवी नोंदवल्या आहेत. माती ही तेथे प्रशंसा आहे. मी सहजपणे ‘मातकट’ लिहिले आणि संपादकांनी ते खोडले. इतके पैसे मोजून मातकट वस्तू कोण घेईल, असा त्यांचा प्रश्न होता. दुसरी अडचण अशी की, धूर तोंडात किती भरीव वाटतो आणि निकोटीन किती जोर करते, हे दोन गुण लेखक वेगळे मोजतो. माझ्या अनुवादात मात्र दोन्ही ठिकाणी ‘कडक’च येत आहे. योग्य शब्द सुचवावेत.

मुळाक्षर:
मातीसाठी ‘मृद्गंध’ आणि उरलेल्या दोहोंसाठी अनुक्रमे ‘घनता’ व ‘तीव्रता’ असे शब्द सिद्ध असताना अडण्याचे कारण दिसत नाही. ‘सिगार’ हा शब्दही अनावश्यक आहे, कारण आपल्या भाषेत ‘चिरूट’ पूर्वीपासून आहे.

निपाणीकर:
मृद्गंध पहिल्या पावसाला शोभतो. तोंडात धूर घेतलेला माणूस तो शब्द उच्चारील असे वाटत नाही. आमच्या घरी तंबाखूचा व्यापार होता. आजोबा पोत्यात हात खोलवर घालून चिमूटभर जर्दा काढत, तळहातावर चोळून हुंगत, आणि मगच जिभेवर ठेवत. एखाद्या मालाविषयी ते म्हणत, “हिला कस आहे, पण लागत नाही.” तुमचे दोन्ही गुण या एका वाक्यात आले आहेत. भरीवपणा म्हणजे कस. आणि सुपारी लागते, तशी तंबाखू लागते, म्हणजे उचकी येते, कपाळावर घाम फुटतो, तो निकोटीनचा जोर.

मुळाक्षर:
वाक्य गोड आहे, पण छापील मजकुरात घोटाळा करील. ‘कस’ मुळात कसोटीच्या दगडावरचा असल्यामुळे “या सिगारचा कस लागतो” असे कोणी लिहिले, तर वाचक परीक्षा पाहिली जाते असाच अर्थ घेईल.

कावेरीकाठ:
मी तमिळनाडूत राहते, म्हणून चिरुटाविषयी लिहिणे भाग आहे. हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी यावरून आला असून इंग्रजांनीही तो तेथूनच उचलला. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी विलायतेत प्रसिद्ध होते. चिरुटाची दोन्ही टोके कापलेली असतात, त्यामुळे तो थेट पेटवता येतो. हवानाच्या सिगारचे डोके पानाच्या टोपीने बंद केलेले असते आणि ओढण्यापूर्वी ते कापावे लागते. तेव्हा हवानाच्या सिगारला चिरूट म्हणणे म्हणजे पुरीला भाकरी म्हणण्यासारखे आहे.

मुळाक्षर:
तमिळ शब्द आपल्याला परका कसा ठरतो, हे कळले नाही. ‘तंबाखू’ पोर्तुगीजांबरोबर आला, म्हणून तोही टाकणार काय? ‘सिगार’चे मूळ तर कोणी माया लोकांच्या भाषेत शोधतात, तर कोणी स्पॅनिशमधील सिकाडा किड्याच्या नावात, कारण किड्याचे अंग गुंडाळलेल्या पानासारखे दिसते. मला किडा पटतो.

दंतमंजन:
व्युत्पत्ती बाजूला ठेवून मी क्रियापदावर आक्षेप घेतो. विडी ‘ओढतात’, कारण धूर छातीत जातो. सिगारच्या पानांचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते, आणि म्हणून पारखी माणूस धूर छातीत घेत नाही. तो तोंडात फिरवतो व थोडासा नाकावाटे सोडतो, कारण बारीक वास नाकालाच कळतात. त्यामुळे ‘ओढणे’ दिशाभूल करते. (छातीत घेत नाहीत म्हणून निर्धोक, हा समज मात्र खोटा आहे, तोंडाचा कर्करोग सिगारनेही होतो, आणि माझा व्यवसाय तोंडे पाहण्याचाच आहे.)

निपाणीकर:
विडी ओढतात तशी फुंकतातही, आणि ‘धूम्रपाना’त तर धूर चक्क पितात, छातीचा हिशेब भाषेने कधी ठेवलेला नाही. तरीही पारखण्यासाठी ‘धूर घोळवणे’ म्हणावे, कारण घोट जसा तोंडात घोळवतात, तशीच ती क्रिया आहे.

अर्धविराम:
‘घोळवणे’ घेतो. ‘कस’ही मोह घालतो, कारण हे दोन गुण वेगळे का पडतात, ते लेखातच स्पष्ट केले आहे. सिगारच्या पोटात रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पाने असतात: खालचे ‘वोलादो’ नीट जळण्यासाठी, मधले ‘सेको’ सुवासासाठी, आणि वरचे, ऊन भरपूर खाल्लेले ‘लिहेरो’ जोरासाठी. लिहेरो सावकाश जळते, म्हणून वळणारा कारागीर ते मधोमध ठेवतो. मातीचा प्रश्न मात्र तसाच आहे.

कावेरीकाठ:
‘मातकट’ हा नेहमी दोषच असतो. गढूळ पाणी मातकट, तळ्यातला मासा मातकट. पण नव्या माठातल्या पाण्याच्या वासाला कोणी नावे ठेवत नाही. ‘नव्या माठाचा वास’ असे लिहून पाहावे.

मुळाक्षर:
हे शब्दाऐवजी वर्णन झाले. शिवाय वाचकाला तहान लागेल, सिगारची आठवण होणार नाही. कोको, मिरी, चामडे यांच्या रांगेत एकच नेमका शब्द हवा.

दंतमंजन:
मग नुसते ‘माती’ लिहावे. चामडे चालते, तर माती का नको?

निपाणीकर:
कारण मराठीत तोंडात माती पडणे शुभ नाही.

कावेरीकाठ:
पोटातल्या पानांवरून आठवले. सिगारच्या आतल्या भरणाला स्पॅनिशमध्ये ‘त्रिपा’, म्हणजे आतडी, म्हणतात, तर सर्वांत बाहेरच्या पानाला ‘कापा’, म्हणजे अंगावरचा झगा. अनुवादकाने या दोहोंसाठी काय योजले आहे?

मुळाक्षर:
‘अंतर्भरण’ आणि ‘वेष्टन’.

निपाणीकर:
वेष्टन विड्यांच्या बंडलाला असते. विडीला पान असते, टेंभुर्णीचे.

मुळाक्षर:
‘विडी’ही संस्कृत ‘वीटिका’ची, म्हणजे विडा आणि विडी सख्ख्या बहिणी. त्या न्यायाने सिगारला ‘महावीटिका’ म्हणायला हरकत नसावी.

कावेरीकाठ:
विडा पुल्लिंगी आहे.