सॅली फील्डला टीव्हीने अडवलं की घडवलं?

खिडकीजवळची

परवा दोन मैत्रिणींशी वाजलं, ते इथे आणतेय. विषय निघाला मोना सिंगवरून. 'लाल सिंग चढ्ढा'मध्ये ती आमिर खानची आई झाली, आणि आहे त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. एक मैत्रीण म्हणाली, "शेवटी टीव्हीवालीच ना ती. दुसरं काय देणार तिला?" मी म्हटलं, अगं, मूळच्या 'फॉरेस्ट गम्प'मध्ये ही भूमिका जिने केली तीही टीव्हीवालीच. आणि तोवर तिच्या घरात दोन ऑस्कर होते.

ती सॅली फील्ड. "बिचारीची सुरुवातीची वर्षं टीव्हीत फुकट गेली" असं तिच्याबद्दल सर्रास लिहितात. मला ते पटत नाही.

१९६५ मध्ये, अठरा वर्षांची असताना, तिला 'गिजेट' ही मालिका मिळाली. कॅलिफोर्नियाचा किनारा, लाटांवर खेळणारी अल्लड मुलगी. एका सीझनमध्ये बंद. मग १९६७ मध्ये 'द फ्लाइंग नन'. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही: पोर्तो रिकोतल्या मठात एक नन आहे, अंगाने काडी, डोक्यावर कांजी केलेली पंखांसारखी टोपी, आणि वारा सुटला की ती उडते. याचे ८२ भाग झाले! सॅलीला ती करायचीच नव्हती. सावत्र वडील जॉक महोनी स्वतः सिनेमात स्टंट आणि कामं करणारे. त्यांनी भीती घातली की ही सोडलीस तर पुन्हा कुणी विचारणार नाही. म्हणून केली.

पण याच सेटवर मदर सुपीरियरचं काम करणारी मॅडलिन शेरवूड तिला ॲक्टर्स स्टुडिओ या नटांच्या कार्यशाळेत घेऊन गेली. तिथे अभिनयगुरू ली स्ट्रासबर्ग शिकवत. एकीकडे तारेला लटकून उडायचं आणि दुसरीकडे अभिनयाची मुळाक्षरं गिरवायची. ती मालिका नसती तर ही गाठ कशी पडली असती, सांगा.

आणि १९७६ चं 'सिबिल'? सोळा व्यक्तिमत्त्वं एका देहात वागवणारी मुलगी. तो सिनेमा नव्हता, एनबीसीवर दोन रात्री दाखवलेली टीव्ही फिल्म होती. समोर डॉक्टरच्या भूमिकेत जोआन वुडवर्ड, जिने वीस वर्षांपूर्वी अशाच रोग्याची भूमिका करून ऑस्कर घेतलं होतं. तिच्यासमोर ही उडणारी नन उभी राहिली आणि एमी, म्हणजे टीव्हीचं ऑस्कर, घेऊन गेली. तिला पहिल्यांदा अभिनेत्री म्हणून मानलं ते टीव्हीने. मग अडवलं कुणी?

तिरकस_तात्या

असहमत. अगदी ठार असहमत.

वहिनी, तुम्ही ८२ भाग मोजलेत, वर्षंही मोजा. 'फ्लाइंग नन' १९७० मध्ये संपली, 'सिबिल' आलं १९७६ मध्ये. मधल्या काळात काय? १९७३ मध्ये पुन्हा एक मालिका, नवऱ्याच्या मनातलं ऐकू येणारी बायको. तीही वर्षात गुंडाळली. उडणारी झाली, आता मनकवडी! निर्मात्यांची कल्पनाशक्ती एवढीच. सिनेमात नाव घेण्यासारखं काम मिळालं ते 'स्टे हंग्री', तेही १९७६ मध्ये. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर.

आता त्याच्या शेजारी मेरिल स्ट्रीप ठेवा. १४ एप्रिल १९८० च्या ऑस्कर समारंभात दोघींनाही मिळालं, सॅलीला 'नॉर्मा रे'साठी प्रमुख अभिनेत्रीचं, स्ट्रीपला 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'साठी सहायकचं. स्ट्रीपला सिनेमात येऊन तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. सॅलीला कॅमेऱ्यासमोर पंधरा. एक नाटकातून आली, एक टीव्हीतून. बारा वर्षांचा हा फरक कुणाच्या खात्यात मांडायचा?

एपिसोड_बँक

तात्या, उदाहरण चुकलं. स्ट्रीपला पहिली एमी १९७८ मध्ये 'होलोकॉस्ट' या टीव्हीवरच्या लघुमालिकेसाठी मिळाली. टीव्हीचा स्पर्श तिलाही झाला होता, डाग राहिला नाही इतकंच.

फरक टीव्ही आणि सिनेमात नाही, रोज भेटण्यात आहे. मी काही वर्षं मालिकांचे संवाद लिहिलेत, म्हणून बोलतो. लघुमालिका पाहताना प्रेक्षक 'काय काम केलंय' म्हणतो. चालू मालिकेत तो पात्राला घरचं माणूस करून टाकतो. मग बाजारात नटीला पात्राच्या नावाने हाक येते, तिने केस कापले तर चॅनलला फोन येतात. आमच्याकडे एक मुलगी होती, दोन वर्षं सोशीक सून. नंतर एका सिनेमाच्या ऑडिशनला गेली, तर दिग्दर्शक पहिलं वाक्य म्हणाला, "तुम्ही रडत नसताना कशा दिसता ते बघायचंय." तो विनोद करत नव्हता.

'फ्लाइंग नन' आठवड्याला अर्धा तास. आमच्यासारखी महिनाभराच्या भागांची बँक, म्हणजे आगाऊ साठा, करून ठेवायची घाई नव्हती तिथे. तरी तीन सीझन तेच. तिसऱ्या सीझनला ती गरोदर होती. ननच्या पोटासमोर सामान, फर्निचर ठेवून शूटिंग उरकलं. हसू येतं, पण त्यातून शिस्त येते हो. खुणेवर उभं राहणं, कंटाळलेलं असताना ताजं दिसणं, वाईट वाक्य चांगलं वाटेल असं म्हणणं. ही रियाजाची जागा आहे. मी धागाकर्तीच्या बाजूने, पण रडतखडत.

बदली_कामगार

तुम्ही सगळे मालिका आणि पुरस्कार मोजत बसलात. 'नॉर्मा रे' कुणी नीट पाहिलाय का?

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, लूमखात्यात. आयुष्यभर घरातही ओरडून बोलायचे. आजी म्हणायची, "मागावर नाही, माजघरात आहात." हा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला आणि पहिल्या पाच मिनिटांत अंगावर काटा आला, कारण तो आवाज. अलाबामातल्या ओपेलायकामध्ये चालत्या गिरणीत शूटिंग केलंय. माणसं एकमेकांच्या कानात ओरडतायत आणि तरी ऐकू जात नाही.

ज्या प्रसंगासाठी तो सिनेमा ओळखतात, त्यात ती टेबलावर चढते, पुठ्ठ्यावर 'युनियन' एवढा एकच शब्द लिहून डोक्यावर धरते आणि सावकाश गोल फिरते. एकही वाक्य नाही. एक माग थांबतो. मग दुसरा. मग तिसरा. हळूहळू सगळं खातं शांत होतं. ती शांतता काय असते हे गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरची शांतता आमच्या घराने ऐकलीय.

आणि हे रचलेलं नाही. क्रिस्टल ली सटन नावाच्या कामगार बाईने १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जे. पी. स्टीव्हन्सच्या गिरणीत खरंच असा पुठ्ठा धरला होता. नोकरी गेली. पुढच्या वर्षी तिथल्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिलं, करार व्हायला १९८० उजाडलं.

आता माझा मुद्दा. ते काम एखाद्या देखण्या, मोठ्या पडद्यावरच्या तारकेने केलं असतं तर तारका टेबलावर चढली असं दिसलं असतं. सॅली बुटकी, साधी, शेजारच्या खोलीतली. हे 'शेजारचं' असणं तिला टीव्हीने दिलं. लोकांनी तिला जेवताना पाहिली होती वर्षानुवर्षं. त्यामुळे मागावर तीच उभी आहे हे पटतं. डाग म्हणा, पण या सिनेमात तो डागच कामी आला.

खिडकीजवळची

बदली_कामगार, +१००. हे मला सुचायला हवं होतं.

तिरकस_तात्या

आवाजाचं वर्णन मान्य, पाहीन पुन्हा. पण १९८५ चं दुसरं ऑस्कर आठवा, 'प्लेसेस इन द हार्ट'चं. जगाने त्या भाषणाची चाळीस वर्षं टिंगल केली. "तुम्हाला मी खरंच, खरंच आवडते" असं ती म्हणाली असं लोक सांगतात. ती तसं म्हणालीच नव्हती. आधी म्हणाली की माझी कारकीर्द नेहमीसारखी झाली नाही, मला सगळ्यात जास्त तुमचा आदर हवा होता. मग म्हणाली, आत्ता या क्षणी तुम्हाला मी आवडते. दोन ऑस्कर हातात घेऊन बाई अजून आदर मागतेय! घडवलेल्या माणसाला असं मागावं लागतं का? टीव्हीने दिलेली ती जखम आहे, वहिनी.

सातारा_ते_डॅलस

जखम असेल, पण टीव्हीने केलेली नाही. हॉलिवूडने बायकांच्या वयाचा जो हिशेब मांडलाय त्याने केलेली आहे. १९८८ च्या 'पंचलाइन'मध्ये टॉम हँक्स तिच्या प्रेमात पडतो. सहाच वर्षांनी, १९९४ मध्ये, ती त्याची आई. दोघांत अंतर जेमतेम दहा वर्षांचं. यात टीव्हीचा काय संबंध? दोन्ही सिनेमेच.

तिरकस_तात्या

डॅलसकर, हा मुद्दा सगळे उगाळतात. 'गम्प'मधली आई आधी लहान पोराची आई आहे, मग मरणशय्येवर. सत्तरीची बाई घेतली असती तर पहिला अर्धा भाग कोसळला असता. सत्तेचाळिशीतल्या नटीला मेकअप करणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणा. मोना सिंगच्या बाबतीतही तेच.

सातारा_ते_डॅलस

बरं. मग हे घ्या. 'लिंकन', २०१२. डॅनियल डे-लुइस हँक्सपेक्षाही वर्षाने लहान, आणि इथे सॅली त्याची बायको. खरी मेरी टॉड लिंकनपेक्षा नऊ वर्षांनी लहान होती, सॅली तिच्या नटापेक्षा दहा वर्षांनी मोठी. स्पीलबर्गने आधी तिला घेतलं होतं. डे-लुइस आल्यावर जोडी शोभत नाही म्हणून नको म्हणाला. ती म्हणाली, माझी चाचणी घ्या. पंचवीस वर्षांपूर्वी दोन ऑस्कर मिळवलेली, साठी उलटलेली बाई चाचणी द्यायला तयार! डे-लुइस आयर्लंडहून आला, दोघांनी मिळून चाचणी दिली, आणि भूमिका तिला मिळाली. नामांकनही.

तुम्ही दोघंही चुकताय असं मला वाटतं. तिला टीव्हीने घडवलं नाही की अडवलं नाही. प्रत्येक वेळी ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

एपिसोड_बँक

पण रांगेत उभं राहायची लाज न वाटणं, हेही टीव्हीवाल्यांकडेच असतं बरं का. आमचा शो कधीही बंद होतो. सोमवारी सेट, शुक्रवारी मोडतोड.

अवांतर: 'स्टील मॅग्नोलियाज'मध्ये लेकीच्या दफनानंतरचा प्रसंग कुणी काढलाच नाही. आधी "मी बरी आहे, बरी आहे", मग रडणं, मग संताप की मला कुणाला तरी मारायचंय, आणि तेवढ्यात मैत्रीण दुसऱ्या मैत्रिणीला पुढे ढकलून म्हणते, हिला मार! आपण डोळे पुसता पुसता हसतो. तिन्ही भाव सलग, मध्ये सांधा दिसत नाही. विनोदी मालिकेत वेळ साधायला शिकलेल्या बाईलाच हे जमतं. माझं मत याच एका प्रसंगावर ठरलंय.

खिडकीजवळची

तात्या, एक राहिलं. साठीच्या बाईला सिनेमाने काय देऊ केलं असतं, कुणाची तरी आजी? टीव्हीने 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' दिली, पाच सीझन, घर सांभाळणारी, वाइन पिणारी, मुलांच्या भानगडीत नाक खुपसणारी नोरा वॉकर. २००७ मध्ये तिसरी एमी. तेव्हा व्यासपीठावरून ती म्हणाली की जगाचा कारभार आयांकडे असता तर युद्धं झालीच नसती, आणि मध्ये एक शिवी हासडली. समारंभ दाखवणाऱ्या फॉक्स चॅनलने आवाज कापला. या वेळी बाई आदर मागत नव्हती, नोंद घ्या.

तिरकस_तात्या

नोंद घेतली. 'सिबिल' मिळालं तर बघतो रविवारी. (ते ज्या केसवर बेतलंय तिच्या खरेपणावर पुढे बरेच प्रश्न उभे राहिले, ते वेगळ्या धाग्यात.) बारा वर्षांचा हिशेब मात्र मी सोडलेला नाही.

बदली_कामगार

'सिबिल' नंतर बघा तात्या. आधी 'नॉर्मा रे', आणि आवाज मोठा ठेवून.