मदत हवी आहे : मेथडिस्ट इतिहासातील तीन शब्दांना मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. एल्मर क्लार्क (१८८६–१९६६) या अमेरिकी मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातील) इतिहासकारावर मराठीत लेख लिहीत आहे आणि तीन शब्दांपाशी अडलो आहे.

पहिला शब्द 'सर्किट रायडर', म्हणजे नेमून दिलेल्या फेऱ्यावर घोड्यावरून गावोगावी जाणारा मेथडिस्ट उपदेशक. क्लार्क यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे बिशप फ्रान्सिस ॲसबरी यांची दैनंदिनी आणि पत्रे यांची १९५८ मध्ये तीन खंडांत निघालेली आवृत्ती, जिचे ते प्रमुख संपादक होते. दैनंदिनीचे मूळ हस्तलिखित १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेथडिस्ट प्रकाशनगृहाला लागलेल्या आगीत गेले, त्यामुळे संपादकांना १८२१ च्या छापील प्रतीवरच विसंबावे लागले. १८१० मधील एका नोंदीत पासष्टीचे ॲसबरी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातील कॅटालूची येथील ओढा एका ओंडक्यावरून चालत ओलांडतात आणि पुढे चढावर चढ असलेला पाच मैलांचा डोंगर पाहून हताश उद्गार काढतात. अशा माणसाला 'फिरता उपदेशक' म्हटले की घोडा आणि नेमून दिलेला फेरा, दोन्ही निसटतात. 'घोडेस्वार पाळक' तर लष्करी वाटते.

दुसरा शब्द 'असेंब्ली', म्हणजे धार्मिक सभांसाठी वसवलेली उन्हाळी वसाहत. तो डोंगर ज्या हेवूड परगण्यात उतरतो, तिथेच लेक जूनालस्का ही मेथडिस्टांची तळ्याकाठची उन्हाळी वसाहत १९१३ पासून आहे. क्लार्क यांचा उत्तरायुष्यातील मुक्काम आणि जागतिक मेथडिस्ट परिषदेचे सचिव म्हणून कामकाज तिथेच होते. १९५६ चे जागतिक अधिवेशनही तिथे भरले. 'थंड हवेचे ठिकाण' लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते (अर्थात महाबळेश्वरलाही मिशनरी मंडळी उन्हाळा काढायला जात, तेव्हा तुलना अगदीच गैर नाही), पण सभा, व्याख्याने, भजनगायन आणि कुटुंबांची घरे असे एकत्रित चित्र त्यातून उभे राहत नाही. 'अधिवेशन-वसाहत' कृत्रिम वाटते का?

तिसरा शब्द 'ॲन्युअल कॉन्फरन्स'. मेथडिस्टांमध्ये ती केवळ वर्षाकाठची बैठक नसून पाळकांच्या नेमणुका करणारी प्रादेशिक संस्थाही असते, म्हणून नुसते 'वार्षिक परिषद' अपुरे वाटते.

अमेरिकी मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले तेव्हापासून मेथडिस्ट मंडळ्या आपल्याकडे आहेत, म्हणजे हे शब्द कुणाच्या तरी घरात रोज बोलले जात असणार. अशा कुटुंबांतील वाचकांनी, विशेषतः ज्यांच्याकडे जुनी मराठी इतिवृत्ते आहेत त्यांनी, घरात आणि मंडळीत प्रत्यक्ष वापरात असलेला शब्द कृपया कळवावा. शब्दकोशातले पर्याय मी पाहिले आहेत.