पगार वर्गाचा, काम त्याहून जास्त

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, प्रथमोपचार शिकवण्याचं अर्धवेळ काम परवडतं का, असं कुणीतरी विचारलंय. मी कॅलिफोर्नियात चार सत्रं हे केलंय, म्हणून लिहिते. पैशासाठी म्हणाल तर नाही. पैसे वर्गात उभं राहिल्याच्या तासांचे. सरावासाठीचे माणसासारखे पुतळे गाडीतून आणणं, पुसणं, त्यांच्या फुप्फुसांच्या पिशव्या बदलणं हे सगळं घरचं कार्य. पुरेशी नावं आली नाहीत की वर्गच रद्द.

वर्ग मात्र मजेचा असतो. पाळणाघरातल्या बायका, वेल्डिंग शिकणारी पोरं, निवृत्त आजोबा, सगळे एका ओळीत गुडघ्यांवर. सुरुवातीला पुतळ्याला नुसतं गोंजारतात! हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने, 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास द्यायचे. दोन मिनिटांत धट्टीकट्टी पोरंही घामाघूम. दाबणारा माणूस दर दोन मिनिटांनी का बदलायचा, हे मग सांगावं लागत नाही. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. नाहीतर हृदयात रक्त परत भरणार कधी?

डॉक्टर किंवा नर्स असण्याची गरज नाही. रेड क्रॉस किंवा अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं, ते दर दोन वर्षांनी नवं करायचं. कॉलेजच्या स्वतःच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी विचारा. आणि गुडघ्यांखाली घ्यायला जाड गादी स्वतःची न्या, कॉलेजची पापडासारखी असते.