ओढ्याकाठचं कुरणाचं कुंपण पडलंय, नव्यानं कसं उभं करू?

माळावरचा_देवणी
नमस्कार मंडळी. आम्ही उदगीर तालुक्यातले. देवणी जनावरं आहेत, बहुतेक वानेरा या देवणीतल्याच प्रकारातली. कुरण साडेचार एकर. वरचा भाग मुरमाड, पवन्या-कुसळी गवताचा. खालचा काळ्या रानाचा, थेट ओढ्याला भिडलेला. अतिवृष्टीत ओढ्याकडची सगळी बाजू गेली. तारांत तुराट्या आणि कचरा अडकून दोन्ही काठांचे खांब बुडासकट उपटले. काळ्या रानातले बाकीचे खांब कलंडलेत, माळावरचे मात्र जागचे हललेले नाहीत. शेजाऱ्याची ज्वारी पोटऱ्यात आलीय, म्हणून गाई दिवसभर दाव्याला. त्यात एका दुभत्या गाईचं सड काटेरी तारेनं फाटलंय. घरचे म्हणतात, सगळीकडून जाळीच मारू. काय करावं?

बांधावरून
आधी गाईच्या सडाला डॉक्टर दाखवा, जखमेत किडे पडले तर सड जातं. आणि ओढ्यानं काठ खाल्ला असेल तर मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करा, मग खड्डे घ्या. शेजाऱ्याला मोजणीच्या वेळी उभा करा.

भूमचा_तारवाला
दादा, जाळी ओढ्यात अजिबात नको. तारेतून निदान पाणी तरी जातं. जाळीत कचरा साचला की तिचा बंधाराच होतो आणि अख्खी बाजू घेऊन जातो. मी तारेचीच कामं करत आलोय. ओढ्यातून सलग तार ओढलेली दिसली की मला आतून वाईट वाटतं, कारण पुढचा पूर कुठून नेणार ते आधीच दिसतं.

दोन्ही काठांवर पुरापासून मागे सरकून एकेक भक्कम ताणखांब घ्या आणि कुंपण तिथंच संपवा. मधला गाळा वेगळा. काठापासून काठापर्यंत वर एक जाड तार, तिला बांबू उभे लोंबते बांधा. पाणी आलं की बांबू उचलले जातात, फार तर तेवढाच गाळा तुटतो.

काळ्या रानाचं म्हणाल, तर ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दर वर्षी खांब थोडा थोडा ढकलते. खड्डा तीन फूट घ्या आणि निघालेली काळी माती परत भरू नका. वरच्या माळाचा मुरूम आणून थर देत, पाणी मारत, पहारीच्या बुडानं ठोकून भरा. माळावरच्या खांबांना हात लावू नका, चांगले आहेत.

खरी मेहनत कोपऱ्यांवर. सगळ्या तारांचा ताण तिथं येतो. कोपऱ्याच्या खांबापासून सात-आठ फुटांवर दुसरा खांब, दोघांच्या डोक्याजवळ आडवा वासा. मग दुसऱ्या खांबाच्या डोक्यापासून कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापर्यंत दुहेरी तार घ्या आणि मधे सळई घालून पीळ द्या. हीच तार उलट बांधलेली पुष्कळ ठिकाणी दिसते, तिचा काही उपयोग होत नाही. दोन्ही दिशांना असं केलं की मधले खांब दहा-बारा फुटांवर चालतात, तिथं तुमचा पैसा वाचतो.

दुभत्या गाईंना काटेरी तार नकोच. साधी जस्ताची तार घ्या, आणि वासरांसाठी खालची दीड फुटावर ठेवा.

माळावरचा_देवणी
मनापासून आभार. साध्या तारेला गाई मान घालून रेटतील ना? तारेत हलका विजेचा झटका सोडणारं सौर झटका मशीन बसवू का? माळावर ऊन भरपूर आहे.

भूमचा_तारवाला
जरूर बसवा. पण मशीनच घ्या. लाइनचा करंट तारेत सोडणं गुन्हा आहे, माणसं मेली आहेत. झटक्याची एक तार गाईच्या नाकाच्या उंचीला, अडीच फुटांच्या आसपास, आणि खालची वासरांची. दोन्ही इन्सुलेटरवर घ्या. मशीन माळावर ठेवलं तरी अर्थिंग तिथं देऊ नका, वाळला मुरूम झटका पोचू देत नाही. अर्थिंगच्या सळया ओढ्याकडच्या ओलसर काळ्या रानात ठोका. सहा फुटी तीन, दहा-दहा फुटांवर, आणि तिथून जाड तार मशीनपर्यंत आणा.

गाई आधी गोठ्याजवळच्या छोट्या वाड्यात या तारेला ओळखू द्या, मग कुरणात सोडा. पावसाळ्यात पवन्या वाढून तारेला टेकला की झटका गवतातच जिरतो, म्हणून खालची तार विळ्यानं मोकळी करत राहा.