मट आणि नॉटमच: शोधनिकालात वाचलेले पत्र मूळ फोल्डरमध्ये न वाचलेलेच का राहते?

प्रश्न

नमस्कार. मी अनेक वर्षांपासून टर्मिनलमध्ये मट हा ईमेल वाचण्याचा प्रोग्राम वापरतो. एमबीसिंक या ईमेल उतरवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने सगळी पत्रे मेलडिर स्वरूपात (प्रत्येक पत्राची वेगळी फाइल) संगणकावर उतरवून घेतो आणि त्यांची संख्या आता सव्वा लाखाच्या घरात गेली आहे. मजकुरात एखादा शब्द शोधायला सांगितला, की मट एकेक फाइल उघडून वाचत बसतो, आणि हेडर कॅशचा (पत्रांच्या शीर्षभागाच्या साठ्याचा) तिथे काहीच उपयोग होत नाही. म्हणून नॉटमच हे पत्रांची सूची करून शोध घेणारे साधन बसवले व सोबतची नॉटमच-मट ही स्क्रिप्ट एका कळीला जोडली. शोध आता क्षणात लागतो. मात्र निकालात उघडून वाचलेले पत्र मूळ फोल्डरमध्ये नवेच दिसत राहते. शिवाय ‘पावती’ हा शब्द दिला, तर ज्यांत केवळ ‘पावत्या’ किंवा ‘पावतीची’ असे आले आहे ती पत्रे सापडत नाहीत. माझी मांडणी कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १

मांडणी बरोबर आहे, फक्त निकालाच्या फोल्डरकडून तुमची अपेक्षा जास्त आहे. ती स्क्रिप्ट नॉटमचला प्रश्न विचारते आणि सापडलेल्या पत्रांचे सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) एका तात्पुरत्या मेलडिरमध्ये मांडते. मेलडिरमध्ये ‘वाचले’ ही खूण फाइलच्या नावातच असते, त्यामुळे मट पत्रावर खूण करतो तेव्हा सिमलिंकचे नाव बदलते आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. पत्र पुसले तरी तेच: सिमलिंक जातो, पत्र राहते. उलट दिशेनेही गोची आहे, कारण मूळ फाइलचे नाव बदलले, की जुन्या निकालातील सिमलिंक तुटतो. मेरिक्स आणि म्यू या पत्रे शोधणाऱ्या इतर साधनांच्या सिमलिंकवर आधारलेल्या निकालांनाही हीच मर्यादा आहे. मी अशा निकालाकडे केवळ वाचण्याची जागा म्हणून पाहतो.

प्रतिसाद २

निकालातूनच कामे उरकायची असतील, तर मटपासून निघालेल्या नियोमट या प्रोग्रामकडे वळावे. त्यात नॉटमचचा आधार अंतर्भूत असतो, फक्त तुमच्या लिनक्स वितरणातील पॅकेज त्यासह बांधलेले आहे का, ते आवृत्तीची माहिती मागवून आधी पाहावे. तिथे आभासी मेलबॉक्स म्हणजे जतन केलेला प्रश्नच असतो आणि खूण थेट मूळ फाइलवर उमटते. तुमची मटची बहुतेक सेटिंग तशीच चालेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. वाचले, उत्तर दिले यांसारख्या मोजक्या खुणा फाइलच्या नावात जातात. तुम्ही स्वतः लावलेले टॅग मात्र नॉटमचच्या झॅपियन डेटाबेसमध्येच राहतात आणि पत्रे ठेवणाऱ्या आयमॅप सर्व्हरपर्यंत पोहोचत नाहीत. डेटाबेस बिघडला तर पत्रे सुखरूप राहतील, पण टॅग जातील. म्हणून नॉटमचची डंप (टॅगची नोंद फाइलमध्ये उतरवणारी) आज्ञा रोज चालवून तिची फाइल अन्यत्र ठेवणे बरे.

प्रतिसाद ३

‘पावती’बद्दल: नॉटमच शब्दाचे मूळ रूप इंग्रजीच्या नियमांनी काढते, मराठीच्या विभक्ती त्याला कळत नाहीत. शब्दाच्या शेवटी तारांकन चालते, तेव्हा ‘पावत*’ असे द्यावे. सामान्यरूपात बदलणारे अक्षर गाळायचे, एवढेच ध्यानात ठेवले तर ‘पाण*’मध्ये ‘पाणी’ आणि ‘पाण्याचे’ दोन्ही येतात (आणि अर्थातच ‘पाणबुडी’ही येते). शेलमधून (टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून) शोधत असाल, तर शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर शेल तारांकनाचा स्वतःचा अर्थ लावू पाहील.

तरीही ग्रेप या फाइलींत मजकूर शोधणाऱ्या आज्ञेकडे वळू नये. मराठी पत्रांचा मजकूर बहुधा बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या सांकेतिक रूपांत गुंडाळलेला असतो आणि साध्या ग्रेपला त्यातील देवनागरी शब्द दिसतच नाही, तर नॉटमच तो उलगडून सूचीत घेते. जोडलेल्या पीडीएफमधील मजकूर मात्र ते वाचत नाही, केवळ फाइलचे नाव नोंदवते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. ‘पावत*’ने कालपासून हवे असलेले पत्र मिळाले. डंपची आज्ञा आजच क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनात) घातली आहे. नियोमट वेगळ्या सेटिंग फाइलसह बसवून पाहतो आणि तोवर निकालाचा फोल्डर वाचण्यापुरताच वापरतो.