मिटिंगला पोचायचं कसं? सोलापूर जिल्ह्यातल्या गावांचे अनुभव

मोहोळ तालुक्यातलं माझं गाव. दारू बंद होऊन या पावसाळ्यात 9 वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए) मिटिंगला जातो, दारू सोडू बघणारे तिथं एकत्र बसून एकमेकांशी बोलतात. परवा अंधार पडल्यावर गावातला एक पोरगा आला. चपला न काढता दारातूनच म्हणाला, "दादा, तुमी जाताय ती मिटिंग कुठं असतीया?" पत्ता दिला. पण पत्त्यानं काय होतंय? मिटिंग सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. म्हणून हा धागा. मिटिंग कशी सापडली, पोचलात कसे, गावात काय सांगितलं, ते लिहा. नावं नकोत, तालुका पुरे.

आधी माझं. मनानंच दारू बंद केली आणि तिसऱ्या दिवशी फिटचा झटका आला, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की असं होतं, जीवही जातो. आधी औषधपाणी, मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. एए हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मिटिंगला मागं बसलो. फी नाही, वहीत नाव नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरली. माझ्याकडं परतीचं भाडंच होतं, शेजारच्यानं काही न बोलता ती पुढं सरकवली. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं, असं तिथं कुणीतरी सांगितलं. दोघं बसले, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

सांगोला तालुका
आमच्या गावाला रात्रीची मुक्कामी गाडी आहे. ती चुकली तर स्टँडवरच झोपायचं, आणि स्टँडसमोर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिले दोन महिने मिटिंग अर्धी टाकून पळायचो. मग तिथल्या एका वयस्कर काकांनी ठरवून टाकलं, याचं शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं, पहिलं घ्यायचं. दीड वर्ष माझं पहिलं घेतलं त्यांनी. गावात सांगायचो, पतसंस्थेचं काम आहे. चौकात पिऊन पडायचो तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. मिटिंगच्या जिन्यावर मात्र गावचं कुणी दिसेल म्हणून पाय अडखळायचे. आणि एकदा दिसलंच, आमच्याच भावकीतलं. तोही त्याच जिन्यानं वर येत होता.

बार्शी तालुका
मी पिणाऱ्याची बायको. दारू सोडवणारी पावडर म्हणून पुडी मिळाली, ती मी यांच्या आमटीत कालवत होते. पुडीवर आत काय आहे तेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. पुढं डॉक्टरांनी रागावून समजावलं की, दारू सोडायच्या काही गोळ्या पोटात असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, बीपी उतरतं. म्हणून न सांगता असलं काही द्यायचं नसतं. आजही ते आठवलं की हात गार पडतात. नंतर यांना पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मिटिंगा असतात, ते मला उशिरा कळलं. बायकांनो, तो येवो न येवो, तुम्ही जा. मी सोलापूरला चादरी आणायला जाते म्हणून निघायचे. सासूबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "पुढल्या खेपेला मला बी घेऊन चल."

पंढरपूर तालुका
मी तीन वेळा माळ घातली आणि तीन वेळा काढून देवापुढं ठेवली. माळेचा दोष नाही. वारीत अठरा-वीस दिवस थेंब घेत नव्हतो, कारण सोबत दिंडी होती. घरी आलो की एकटा. मिटिंग म्हणजे मला आठवड्याची दिंडी वाटते, हे विणेकरी बुवांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग जा की, विठ्ठल काय अडवतोय?" काही माळकऱ्यांना हे पटत नाही. मला पटलं. आता माळही आहे आणि मिटिंगही.

माळशिरस तालुका
ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर. सीझनला रात्रपाळी, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास थांबायचं आणि सगळे बाटली काढून बसलेले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फोनवरच्या मिटिंगा कळल्या. अजून केबिनमध्ये बसून ऐकतो. रेंज जाते. तरी ऐकतो.

करमाळा तालुका
वय 31. सकाळी उठलं की हात थरथरतात, थोडी घेतल्याशिवाय दाढी होत नाही. इथनं सोलापूर लांब. घरी माहीत नाही. जवळ कुणी आहे का?

धागा काढणारा
भाऊ, हात थरथरत असतील तर मनानं एकदम बंद करू नका, मी तीच चूक केली होती. आधी सरकारी दवाखान्यात जाऊन खरं किती पिता ते सांगा. 14446 हा नशामुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. जवळ ग्रुप नाही म्हणून थांबू नका. पिणं थांबवायचं म्हणून दोघं-तिघं बसले तरी ती मिटिंगच. रविवारी मी मोहोळवरून पॅसेंजरनं जेऊरला येतो. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीपाशी थांबा. डोक्यावर पांढरी टोपी असेल, हातात निळी पिशवी. घेऊन आलात तरी या.