नळ सोडला की मोटर चालू-बंद, रात्री आपोआप सुरू: दोष टाकीचा की विहिरीचा?

गळकी_तोटी:
नमस्कार मंडळी. विहिरीवर एक एचपीची मोटर आणि ५० लिटरची प्रेशर टाकी मी स्वतःच बसवली, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी नाही. जोडणी अशी: पाणी मोटरीपासून ५ मीटर खाली, एक इंची सक्शन (पाणी ओढणारा पाइप), टोकाला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत विहिरीत जाऊ न देणारी झडप. मोटरीपुढे एक बॉल व्हॉल्व्ह, मग टी. टीवर गेज, प्रेशर स्विच आणि टाकी. पुढे घराकडच्या लाइनवर दुसरा बॉल व्हॉल्व्ह. स्विच २० पीएसआय (दाबाचं माप) ला चालू, ४० ला बंद.

तक्रारी दोन. नळ सोडला की मोटर चालू, बंद, चालू, बंद. अंघोळीत मध्येच धार करंगळीएवढी होते आणि लगेच भसकन अंगावर येते. दुसरी, रात्री सगळे नळ बंद असताना तास-सव्वातासाने मोटर आपली आपण गुरगुरते आणि गप्प होते. बायको म्हणते, विहीर दिलेलं पाणी परत मागतेय.

टाकीतली हवा बघून झालीय. गेजवर ४० असताना टाकीच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हला टायरचं मीटर लावलं, तिथेही बरोबर ४०. म्हणजे हवा ठीक ना?

सरळसोट:
स्विचचं झाकण उघडून मोठा नट आवळा. ६० ला बंद होऊ दे. टाकीत पाणी जास्त मावेल, मोटर कमी वेळा लागेल. विषय संपला.

पान्हा_बारा:
असं काही करू नका. मोठ्या नटाने चालू आणि बंद दोन्ही आकडे वर सरकतात. नुसता बंदचा आकडा वाढवायचा तर छोटा नट. त्याआधी मोटरीच्या पाटीवरचं हेड वाचा, म्हणजे मोटर पाणी किती उंच चढवू शकते तो आकडा. ६० पीएसआय म्हणजे साधारण ४२ मीटर, त्यात विहिरीतले ५ धरा. पाटीवर जास्तीत जास्त ४० मीटर असेल तर काटा ६० ला कधीच पोचणार नाही आणि मोटर बंदच होणार नाही. आणि झाकण काढाल तर मेन स्विच पाडून, आतले स्क्रू करंटचे असतात.

आता हवा. तुम्ही हवा मोजलीच नाहीत, पाण्याचाच दाब दुसऱ्या मीटरने मोजलात. टाकीत रबराची पिशवी असते; एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी हवेला रेटत असताना दोन्हीकडे आकडा एकच येणार, मुळात हवा १० ची भरलेली असो की ३५ ची. मोटर बंद करा, नळ उघडा ठेवा, गेज शून्यावर येऊ द्या, टाकी हलवून बघा, हलकी लागली पाहिजे. मग मीटर लावा. मोटर ज्या आकड्याला चालू होते त्याच्या २ खाली हवा हवी, म्हणजे तुमच्याकडे १८. पिन दाबल्यावर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी उडाली तर पिशवी फाटलीय, मग पंप मारून काही उपयोग नाही.

रिकामी करण्याआधी एक करा. मोटर बंद झाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत किती पाणी निघतं ते मापाच्या बादलीत धरा.

गळकी_तोटी:
तीनदा धरलं, तिन्ही वेळा साडेतीन लिटरच्या आसपास. मग टाकी रिकामी करून मीटर लावलं. ३६! आणि मग आठवलं. नवी टाकी २० दाखवत होती. म्हटलं जितकी हवा तितका जोर, आणि सायकलचा पंप घेऊन घाम निघेपर्यंत मारत बसलो होतो.

पान्हा_बारा:
मग हिशोब जुळला. हवा ३६ ची असेल तर ३६ च्या वर गेल्याशिवाय पाणी टाकीत शिरतच नाही. ३६ ते ४० एवढ्यातच काय ते साठवण, ५० लिटरच्या टाकीत साडेतीन-पावणेचार लिटर. तेवढं संपलं की काटा थेट २० वर आपटतो, तीच तुमची करंगळीची धार. १८ केलीत की सतरा लिटर मिळायला हवं. त्याहून जास्तीची आशा नको, ५० लिटरची टाकी ५० लिटर कधीच देत नाही. मोटर एकदा लागली की निदान मिनिटभर चालावी असा हिशोब धरतात. मिनिटाला ३० लिटर देणारी मोटर असेल तर खरं तर नव्वद-शंभर लिटरची टाकी हवी होती.

विहीरकाठ:
रात्रीचं दुखणं वेगळं आहे हो दादा. हवा नीट केली की मोटर तासाऐवजी पाच-सहा तासांनी लागेल, आणि तुम्ही म्हणाल बरं झालं. गळती तिथेच असेल.

काटा ४० वर असताना मेन बंद करा. घराकडचा व्हॉल्व्ह बंद करा. काटा तरीही उतरतोय, तर घरातल्या नळांना दोष देऊ नका. आता मोटरीकडचाही बंद करा. काटा जागीच थांबला तर पाणी विहिरीत जातंय, फूट व्हॉल्व्ह धरत नाही.

झालं की तो मोटरीकडचा व्हॉल्व्ह उघडून त्याची मूठच काढून ठेवा. तो तिथे असायलाच नको होता. बंद राहिला आणि मोटर लागली, तर पलीकडच्या स्विचला दाब कळणारच नाही. मोटर तेच पाणी घुसळत राहते, पाणी तापतं, सील जातं.

गळकी_तोटी:
ताई, काटा थांबला! पाइप वर ओढला, दोन माणसं लागली. फूट व्हॉल्व्हच्या झडपेखाली बोटभर काथ्या. पाइप सोडताना मीच काथ्याचा दोर बांधला होता. रबरावर त्याची रेघ उमटलेली, नखाला लागत होती, म्हणून रबर बदललं. मोटर पाण्याने भरायचं (प्रायमिंगचं) बूच उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतलं. हवा १८. बादलीत सोळा लिटर आलं. रात्री काटा ४० वर ठेवून झोपलो, सकाळी ३९. बायकोचं म्हणणं शब्दशः खरं निघालं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलंच. मोटर चालू असताना काटा थरथरतो आणि नळातून अधूनमधून फुस्स होतं. आधी असं नव्हतं.

विहीरकाठ:
पाइप ओढताना सक्शनचं युनियन, म्हणजे खोलता येणारा सांधा, सोडलं असेल ना? मोटर चालू ठेवून त्या सांध्याला साबणाचा दाट फेस फासा. बाहेर बुडबुडे येणार नाहीत, फेस जिथे आत ओढला जाईल तिथून हवा शिरतेय. वॉशर तिरका बसलाय का तेही बघा.